पहिलीच्या वर्गातला एक शब्द

शाळेचा व्यवस्थापक या नात्याने धर्मगुरूला छपराच्या गळतीपासून शिक्षकांच्या रजांपर्यंत सर्व काही पाहावे लागते. वर्गावर उभे राहण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो. काही वर्षांपूर्वी वसई परिसरातील एका धर्मग्रामात असताना तो आमच्यावर आला. पहिलीच्या बाई आजारी होत्या, बदली शिक्षिका मिळेना, म्हणून आम्हीच वर्गात गेलो. सेमिनरीत वर्षानुवर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाला सहा वर्षांच्या मुलांना मुळाक्षरे शिकविणे ते काय अवघड, अशी आमची समजूत होती.

भिंतीवर चित्रांचा तक्ता होता. 'ख'च्या चौकटीत खेकडा काढलेला. आम्ही त्यावर बोट ठेवून विचारले, "हे काय?" पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि मोठ्या आनंदाने म्हणाली, "चिंबोरी!"

"चिंबोरी नाही, खेकडा," आम्ही हसून म्हणालो. आम्ही हसलो म्हणून वर्गही हसला. वास्तविक त्या वर्गातील एकूण एक मुलाच्या घरी त्या प्राण्याला चिंबोरीच म्हणत होते. मुलगी खाली बसली. त्या तासात तिने पुन्हा हात वर केला नाही.

एवढ्यावर भागले असते तर आम्ही हे विसरूनही गेलो असतो. परंतु पुढे बाई कामावर रुजू झाल्या आणि एके दिवशी सहज बोलता बोलता म्हणाल्या, "फादर, ती मुलगी हल्ली उत्तर देण्याआधी शेजारणीच्या ओठांकडे बघते."

सुज्ञ वाचक म्हणतील, यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे? मुलांना प्रमाण मराठी शिकविण्यासाठीच तर शाळा आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आमच्यापैकी कित्येकांना घरची सामवेदी किंवा वाडवळी बोली घेऊन पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर जे हसे सोसावे लागले, ते आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये असे आईबापांना वाटणारच. तोच धाक पुढे अनेकांना इंग्रजी माध्यमाकडे घेऊन गेला. तेथे त्या बिचाऱ्या चिंबोरीला आणखी तिसरेच नाव मिळते!

पण आम्हाला छळणारा प्रश्न भाषेचा नव्हता, सत्याचा होता. "चिंबोरी नाही" हे आमचे विधान खरे होते काय? चित्रात चिंबोरीच होती. 'यालाच खेकडाही म्हणतात' असे आम्ही म्हटले असते तर ते शिकविणे झाले असते. आम्ही जे म्हणालो ते असत्य होते. आणि ते अशा व्यक्तीला सांगितले होते की जिला त्याची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन नव्हते. मोठ्या माणसाला चुकीचे सांगितले तर तो दुसऱ्याला विचारतो, निदान वाद तरी घालतो. पहिलीतले मूल स्वतःवरचाच विश्वास कमी करते. फादर चुकतात आणि आपली आजी बरोबर आहे, असा निष्कर्ष सहाव्या वर्षी कोण काढणार?

संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८९च्या सुमारास आपला मुलगा आदेओदातुस याच्याशी झालेल्या संवादाच्या रूपाने 'दे माजिस्त्रो' म्हणजे 'गुरूविषयी' हा ग्रंथ लिहिला. शब्दाने वस्तूचे ज्ञान होत नाही, वस्तू ठाऊक असेल तरच शब्दाला अर्थ येतो, असे ते त्यात दाखवितात. दानीएलच्या ग्रंथातील एका अनोळखी वस्त्राचे नाव घेऊन ते विचारतात, हा शब्द ऐकून मला त्या वस्त्राची काय माहिती झाली? सेमिनरीत आम्ही यावर परीक्षेत उत्तर लिहिले होते आणि गुणही बरे मिळाले होते. वर्गात मात्र उलटे घडले. वस्तू त्या मुलीपाशी होती. खाजणातल्या चिखलात बिळापाशी बसून तिने ती पाहिली असणार. आमच्यापाशी होता तो केवळ शब्द, आणि त्याच्या बळावर आम्ही तिचे ज्ञान रद्द केले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावरील घोषणापत्रात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पालकसभेत हे वचन आम्ही अनेकदा सांगतो, बहुधा पालकांनी घरी अभ्यास घ्यावा म्हणून. त्यांनी आधीच काय शिकविले आहे, हे मात्र विचारीत नाही.

शिक्षण हक्काच्या २००९च्या कायद्यात कलम २९ मध्ये मूल भयमुक्त असावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणी मांडता यावे, असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४च्या निकालात अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या, तेव्हा आमच्या वर्तुळात समाधान व्यक्त झाले. संस्थांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने ते योग्यही असेल. परंतु कायद्याने सोडले म्हणून सदसद्विवेकबुद्धीही सोडते काय?

बाईंनी आम्हाला उपदेश केला नाही. त्यांनी फळ्यावर खेकडा काढला, वर 'चिंबोरी' लिहिले आणि मुलांना पाय मोजायला लावले. आठ पाय आणि दोन आकडे, मिळून दहा. आकडा कसा चावतो यावर इतका गोंगाट झाला की आम्ही कार्यालयातून उठून दारापर्यंत आलो. मग त्यांनी खाली 'खेकडा' लिहिले आणि 'ख' गिरवून घेतला. प्रमाण शब्दही आला, कोणाचे काही गेले नाही. वेळ तेवढा जास्त लागला. ती मुलगी त्या दिवशीही बोलली नाही, हेही सांगितले पाहिजे.

तिची क्षमा मागावी की नाही, यावर आम्ही बरेच दिवस घुटमळलो. फादरच चुकतात असे कळल्यावर लहान जीव गोंधळेल, अशी सबब आम्ही स्वतःला देत होतो. त्यात आमचा मानही गुंतलेला होता, हे कबूल केले पाहिजे. अखेर एका रविवारी मिस्सा संपल्यावर ती आजीचे बोट धरून उभी दिसली. आम्ही खाली वाकून म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तुझे बरोबर होते. आमचे चुकले."

तिने आधी आजीकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहून विचारले, "फादर, तुम्हाला चिंबोरी धरता येते?"

आम्हाला येत नाही, आणि तसे आम्ही तिला सांगितले.