बुद्धिमान् घरें

घरानें निवारा द्यावा एवढीच अपेक्षा पूर्वीं असे. आतां घरानें विचारहि करावा अशी अपेक्षा निर्माण झाली आहे. खोलींत माणूस आहे कीं नाहीं हें भिंतीवरील सेन्सर ओळखतो आणि तो बाहेर पडतांच दिवे मालवतो. ऊन चढूं लागलें कीं पडदे आपोआप उतरतात. किती गारवा हवा हें यंत्र आपल्या मागील संवयींवरून ठरवितें. अशा इमारतींना ‘स्मार्ट’ म्हणण्याची रूढि पडली आहे. त्यांनीं वीज वांचते, यांत शंका नाहीं. रिकाम्या कचेरींत रात्रभर जळणारे दिवे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही काटकसर तुच्छ वाटावयाची नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. घराचा शहाणपणा वाढला म्हणजे घरांत राहणाऱ्याचें सुख वाढतेंच काय, आणि त्या सुखाची किंमत कोणी द्यावयाची?

बीड जिल्ह्यांतील धर्मापुरी येथें केदारेश्वराचें चालुक्यकालीन दगडी मंदिर आहे. रसिक त्याच्या शिल्पांपुढें उभे राहतात. आम्हांस मात्र येथें दगडाच्या दुसऱ्याच गुणाविषयीं बोलावयाचें आहे. जाड दगड सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. दुपारचा दाह आंत पोंचेपर्यंत संध्याकाळ होते. मराठवाड्यांतील माळवदाच्या घरांचें रहस्य हेंच. जाड भिंती, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, मधोमध चौक. परंतु हें घर आपोआप थंड राहत नसे. ऊन वाढण्यापूर्वीं दारें लोटावयाचीं, सांजेस उघडावयाचीं, अंगणांत पाणी शिंपडावयाचें, रात्रीं अंथरुणें माळवदावर न्यावयाचीं, हें सर्व कोणाला तरी ध्यानांत ठेवावें लागे. आणि तें ‘कोणी’ म्हणजे बहुधा घरांतील स्त्री. जुन्या घरांचे गोडवे गाणारे लेखक तिचे कष्ट हिशेबांत धरीत नाहींत. तिचें काम यंत्र करीत असेल, तर त्याचें स्वागतच केलें पाहिजे. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या अशाच जाड भिंतींखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. त्यानंतर ज्यानें पत्रा पत्करला त्याला अडाणी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

सुख म्हणजे काय, हा प्रश्न अभियंत्यांनींहि आपल्या परीनें सोडविला आहे. डेन्मार्कचे फांगर यांनीं १९७० च्या ग्रंथांत तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वस्त्रें व श्रम यांवरून बहुसंख्यांस रुचेल अशी स्थिति काढण्याचें गणित मांडलें. पुढें १९९८ सालीं डी डिअर आणि ब्रेगर यांनीं जगांतील अनेक इमारतींची माहिती तपासून दाखविलें कीं, जेथें खिडक्या आपल्या हातानें उघडतां येतात, तेथील माणसें कमी-अधिक उष्मा बऱ्याच समाधानानें स्वीकारतात. हा निष्कर्ष आम्हांस फार मार्मिक वाटतो. माणसाला नुसते २४ अंश नको असतात. २४ कीं २८ हें ठरविण्याचा अधिकारहि हवा असतो. खिडकी उघडत नाहीं व यंत्राची कळ दुसऱ्याच्या हातीं आहे, अशा कचेरींत भर वैशाखांत स्वेटर घालून बसलेलीं माणसें आपण पाहतोंच. आणखी एक गोष्ट. आपण केव्हां घरीं असतों, केव्हां निजतों हें ज्या यंत्रास कळतें, तें यंत्र विकणारासहि कळूं शकतें. जुन्या चाकराची चहाडी निदान गल्लीपुरती तरी असे.

आतां किमतीविषयीं. परळी वैजनाथचें औष्णिक विद्युत्केंद्र धर्मापुरीहून फार लांब नाहीं. २०१३ च्या दुष्काळांत पाण्याअभावीं तें बंद ठेवावें लागलें. कोळसा आणि पाणी असा दुहेरी नैवेद्य घेतल्यावांचून तेथें वीज निघत नाहीं, आणि निघालेली वीज कोणाच्या खोलींत गारवा करते याचा पत्ता राहत नाहीं. म्हणून एका युनिटाची बचत ही केवळ बिलाची बाब नव्हे. परंतु जेव्हन्स यानें १८६५ सालीं दिलेला इशारा विसरतां येत नाहीं: इंजिनें काटकसरी झालीं तसा कोळसा कमी न जळतां अधिकच जळूं लागला, कारण त्याचा उपयोग करणें स्वस्त झालें. शहाण्या यंत्रानें वांचविलेल्या पैशांतून शेजारच्या खोलींत दुसरें यंत्र बसलें, तर परळीचें पाणी वांचलें कोठें?

सरकारच्या २०१८ च्या ‘इको-निवास संहिते’चा पहिला भाग भिंती, छत आणि खिडक्या यांविषयीं आहे, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. आधीं उष्णता आंत येऊं द्यावयाची आणि मग ती बुद्धीच्या जोरावर बाहेर काढावयाची, हा उफराटा उद्योग होय.

आणि हा सारा ऊहापोह ज्यांस पक्कें छत आहे त्यांच्यापुरता. बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दर हंगामास ऊसतोडीला जातात व कित्येक महिने कारखान्यांच्या आसपास कोप्यांत काढतात. तीं परततात तों उन्हाळा आलेला असतो आणि गांवांतील घराचा पत्रा तापलेला असतो. त्या पत्र्यावर पांढरा रंग द्यावा, खालून एखादें अस्तर लावावें, एवढ्यानेंहि दुपार थोडी निवते. याला लागणारी बुद्धि केव्हांच उपलब्ध झाली आहे. पैसा कोणत्या खात्यांतून द्यावयाचा, तेवढें ठरावयाचें आहे.