पोटातलं

गोष्ट पोटात ठेवावी, चूक पोटात घालावी, पोटातलं ओठावर येऊ देऊ नये. पोटाला आपण फार कामं लावली आहेत. पण पोटातलं बाहेर आलंच, तर ते कुणाला सांगायचं आणि कुणापासून झाकायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही.

आमच्या वस्तीवरचे निम्मे लोक दसरा झाला की ऊसतोडीला जातात. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. अशीच बारा वर्षांची एक पोर आजीजवळ राहायची. धाकटा भाऊ, भाकरी, पाणी सगळं तिच्याकडं. एका साली तिचं पोट दुखायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मग उलटी. जंताच्या गोळ्या झाल्या, अंगारा झाला. बाया म्हणायच्या, "भाकरी थापायची वेळ आली की बरं हिचं पोट दुखतंय!"

शिमग्याच्या सुमाराला बेंबीच्या वर टणक गोळा हाताला लागायला लागला. जीप माझी, म्हणून तिच्या चुलत्याबरोबर मीही जिल्ह्याच्या गावी गेलो. डॉक्टरांना गाठीची शंका होती. ऑपरेशन करून जठर उघडलं, तर आत केसच केस. काळा, चिकट, घाण वासाचा गोळा. जठराचाच साचा घेतलेला, आणि त्याची शेपटी आतड्यात उतरलेली.

चुलता म्हणाला, "कुणी करणी केली वो?"

"करणी नाही. तिचेच केस आहेत," डॉक्टर म्हणाले.

केस पचत नाही. गुळगुळीत असल्यानं पुढंही सरकत नाही. जठराच्या वळ्यांत अडकतो, त्यावर दुसरा, तिसरा. बहुतेक वेळा मुलींमध्येच सापडतं हे. शेपटी आतड्यात गेली असेल तर डॉक्टर त्याला रॅपन्झेल म्हणतात. मनोऱ्यात एकटी कोंडलेली, लांब केसांची एक पोर जर्मन लोककथेत आहे, तिचं ते नाव. १९६८ साली डॉक्टरांनी ते या दुखण्याला दिलं. केसांवरूनच दिलं असेल. मला मात्र ती कोंडलेली पोरच आठवत राहते.

चुलता हात जोडून म्हणाला, "सायेब, गाठ होती म्हणून सांगू. केस खाती म्हटल्यावर येडी ठरवतील, लगीन व्हायचं नाही."

डॉक्टर म्हणाले, "गावाला काय सांगायचं ते सांगा. पण तिच्या आईला खरं सांगा, आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा. नाहीतर पुन्हा होईल."

मला हे अजून बरोबर वाटतं. गावाला खरं कळून पोरीचं भलं होणार नव्हतं. आईला न कळून मात्र वाईटच होणार होतं. सत्य सगळ्यांचं सारखं देणं लागत नाही. जो त्या दुखण्याचं काही करू शकतो, त्याचं आधी लागतं.

आई फडावरून आली. ऐकून बराच वेळ गप्प बसली. मग पोरीचं डोकं मांडीवर घेऊन केस बाजूला करत राहिली. कानामागं रुपयाएवढी जागा मोकळी होती.

पुढच्या दसऱ्याला ती पोरीला बरोबर घेऊन गेली. शाळा सुटली. उचल फिटलेली नव्हती. डॉक्टरांनी काढायचं ते काढलं होतं. ते साठलं कशानं, हे आमच्या वस्तीवर अजून दर दसऱ्याला ट्रॅक्टरमागं बसून जातं.