चोचीतला तुकडा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

भक्तहो, भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा, म्हणून बलवान पक्षी त्याला टोचू लागले. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला.

आपल्या चोचीत काय असतं? 'मी कुचकामी, माझ्यामुळेच सगळं बिघडलं.' टोचणी सोसतो, पण तुकडा सोडवत नाही, कारण तो सवयीचा. वर त्यालाच नम्रता समजतो. मुलं म्हणाली, समुपदेशकाकडे चला, की आपलं ठरलेलं उत्तर : "आता या वयात काय बदलायचं!"

मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांचं सांगणं असं, की कृतीला चूक म्हणा, माणसाला नालायक ठरवू नका. बँकेत आम्ही हेच करत होतो. नोंद चुकली म्हणून खातेवही कोणी जाळत नाही. दुरुस्तीची नोंद करून पुढं जातात.

तेव्हा स्वतःला दिलेला दोष कागदावर लिहा आणि खाली विचारा, याला पुरावा काय? एकट्याने जमलं नाही तर मदत घ्या. अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांच्या भक्तांनी एका समुपदेशकापुढे बसायला संकोच का करावा?