मुलाचे गुपित ही अमानत

एखादा मुलगा नाजूक बोलतो, मुलींच्या घोळक्यात रमतो. लगेच त्याला ‘बायल्या’, ‘छक्का’ अशी नावे पडतात. तो मधल्या सुट्टीत एकटा डबा खातो, मुतारीकडे जायला भितो आणि हळूहळू शाळा चुकवू लागतो. पुष्कळदा ही पोरांची थट्टा म्हणून सोडून दिली जाते.

अशा मुलाची बाजू घ्यायची तर समलैंगिकतेबद्दल आधी निर्णय द्यावा लागेल, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. मूल कोण आहे, हा प्रश्न बाजूला ठेवूनही त्याच्यावरचा जुलूम थांबवता येतो. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेत मुलांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली. म्हणून समाजसेवकाने प्रथम छळाची नोंद करावी, मुख्याध्यापकांना भेटावे आणि चिडवणाऱ्या मुलांनाही समजावून घ्यावे.

खरा पेच पुढे आहे. मुलाने समाजसेवकाजवळ मन मोकळे केले, तर ते आईवडिलांना सांगावे का? भंडारा, तुमसर, पवनी येथे शब्द बाहेर पडला की मोहल्लाभर होतो. मग घरी मार, तालीम बंद. म्हणून आम्ही म्हणतो, मुलाचे गुपित ही अमानत आहे. पालकांना ‘वर्गात त्याला त्रास होतो’ एवढेच सांगावे. बाकीचे कधी सांगायचे, ते मुलाने ठरवावे. मात्र जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गप्प राहता येणार नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची खबर देणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलाला आधीच सांगावी, म्हणजे त्याला दगा झाला असे वाटणार नाही.

घाबरलेले पालक ‘इलाज’ शोधतात. असा इलाज करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. हे त्यांना शांतपणे सांगावे. मुलाला १०९८ हा क्रमांक पाठ करून द्यावा.

लक्ष्मी नारायण त्रिपाठी शाळकरी वयात चिडवण्याने हैराण होऊन अशोक राव कवी यांच्याकडे गेल्या. तू विकृत नाहीस, शिकत राहा, असे त्यांनी समजावले. लक्ष्मी पुढे पदवीधर झाल्या. आपल्या जिल्ह्यातल्या मुलालाही असे सांगणारे एक मोठे माणूस शाळेतच भेटले पाहिजे.