उपयोगी भेट कोणाच्या उपयोगाची?

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. अंत्रुज महालातील एका देवालयाच्या अग्रशाळेत आम्ही बसलो असता आमच्या परिचयाचे एक तरुण शिक्षक जवळ आले आणि थोड्या संकोचाने म्हणाले, "पाडव्याला पत्नीला ओवाळणी काय घालावी, ते सुचत नाही. तिच्या उपयोगी पडेल असे काही सांगा." त्यांची पत्नी एका मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात डॉक्टर आहे. प्रश्न वरकरणी किरकोळ. पण त्यातील 'उपयोगी' या शब्दाने आमच्या मनात घर केले. उपयोगी म्हणजे कोणाच्या उपयोगी?

आकस्मिक उपचारांची स्वतंत्र शाखा आपल्याकडे तशी नवी. एकशे आठ क्रमांकाची रुग्णवाहिका गोव्यात २००८ साली धावू लागली, आणि भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने या विषयाला विशेष शाखा म्हणून मान्यता दिली ती २००९ साली. या शाखेचा मूळ नियम मात्र जुना आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे यांनी जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावला. आजही त्या विभागात तोच न्याय चालतो. मोठ्याने विव्हळणारा पहिला असतोच असे नाही. कोपऱ्यात निपचित पडलेला कदाचित मृत्यूच्या अधिक जवळ असतो. न बोलणाऱ्याची गरज ओळखणे, हीच तेथील खरी विद्या.

आमच्या शिक्षकमित्रांनी मनाशी काही वस्तू योजल्या होत्या. एक उत्तम स्टेथोस्कोप. अपघातग्रस्ताचे कपडे झटकन कापून काढण्याची मजबूत कात्री. खिशात मावणारी छोटी विजेरी. वस्तू चांगल्या खऱ्या, आणि कसबी माणसाला चांगल्या हत्याराचा आनंद होतो हेही खरे. तबलजीला सुरेख जोडी मिळाली तर तो हरखून जातोच. तिने स्वतः मागितली असती तर आम्हीही म्हटले असते, अवश्य द्या. पण मागणी नसताना आपण होऊन हत्यारच निवडले, तर त्या कात्रीचा लाभ रुग्णाला होतो, रुग्णालयाला होतो. पत्नीच्या हाती आणखी काम तेवढे येते. शिवाय कामाची साधने पुरवणे हे ज्याचे काम तो करतो त्याचे कर्तव्य. ते घरच्या ओवाळणीने का फेडावे?

मग त्यांनी आदल्या वर्षीची हकीकत सांगितली. त्या पाडव्याला त्यांनी एक नाजूक मनगटी घड्याळ दिले होते. तिने ते हसून घेतले. परंतु ते कपाटातच राहिले. त्या विभागात हात पुनःपुन्हा धुवावे लागतात, म्हणून अंगठी, बांगड्या, घड्याळ उतरवून ठेवण्याची शिस्त असते. आम्ही विचारले, घड्याळच का सुचले? ते बराच वेळ दीपमाळेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खरे सांगू? ती वेळेवर घरी यावी म्हणून."

हे उत्तर देताना त्यांना जो त्रास झाला, तो आम्ही पाहिला. ती भेट नव्हती, वेष्टनात गुंडाळलेली तक्रार होती. आणि तिने ती वाचली असावी. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीची आशा धरून, फळावर डोळा ठेवून दिलेले दान तेथे राजस ठरवले आहे. नवरा-बायकोतील भेट म्हणजे दान नव्हे, हे आम्ही जाणतो. तरी ही कसोटी तिलाही लावून पाहावी. आम्ही देतो त्यात आमचे मागणे किती असते?

याचा अर्थ त्या गृहस्थांचे दुःख खोटे होते असा मुळीच नाही. सणाच्या दिवशी वाढलेले पान झाकून ठेवावे लागणे, मुलाने "आई कधी येणार?" असे विचारणे, हे सोसणाऱ्यालाच कळते. असे दुःख तोंडाने सांगावे. पत्नी ते ऐकून घेईल, कदाचित रडेल, कदाचित भांडेल. पण ते वस्तूत लपवून दिले, तर बिचारीला आभारही मानावे लागतात.

आम्ही त्यांना आपल्या गावच्या पाडव्याची आठवण दिली. गोमंतकात हा दिवस 'गोरवांचो पाडवो'. त्या दिवशी गुरांना न्हाऊ घालतात, फुलांच्या माळा घालतात, गळ्यात पोळे बांधतात. वर्षभर राबणाऱ्या बैलाला त्या दिवशी शेतकरी जू भेट देत नाही. कितीही सुबक, कितीही हलके असले तरी नाही. उपमा कोणास खटकू नये. राबणाऱ्याची कृतज्ञता कशी मानावी, हे आपल्या अडाणी म्हटलेल्या पूर्वजांना कळले होते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

आणि वैद्यकशास्त्रही दुसरे काय सांगते? हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावा लागतो. शक्य असेल तेथे दर २ मिनिटांनी दाब देणारा बदलावा, असा नियम आहे. कारण थकलेल्या हाताचा दाब उथळ होतो, आणि तो आपला आपल्याला कळत नाही. समोर प्राण जात असताना देखील शास्त्र जीव वाचवणाऱ्याच्या थकव्याचा हिशेब ठेवते. मग घराने तो का ठेवू नये?

"तिला काय हवे, हे तुम्ही कधी विचारले होते का?" असे आम्ही म्हणालो. ते म्हणाले, "विचारले होते. ती हसून म्हणाली, 'म्हाका कांयच नाका, मातशी न्हीद जाय.' मला ती थट्टा वाटली."

झोप हवी, याहून स्पष्ट उत्तर कोणते असणार? पण ज्याला बाजारात किंमत नाही, ते मागणे आपल्याला मागणेच वाटत नाही. निपचित पडलेल्या रुग्णासारखे ते कोपऱ्यात राहून जाते.

दिवाळीनंतर ते पुन्हा भेटले. त्यांनी निजायच्या खोलीला जाड, गडद पडदे लावून घेतले होते. रात्रपाळीनंतर तिने निजावे तेव्हा दाराची घंटा बंद ठेवायची आणि फोन आपण घ्यायचा, असे ठरवले होते. बारा बारा तास उभे राहून सुजणाऱ्या पायांसाठी, तिलाच दुकानात नेऊन, तिने घालून पाहिलेले मऊ जोडे घेतले होते. पाडव्याच्या रात्रीही ती कामावरच होती. फटाक्यांनी भाजलेली मुले आली होती म्हणे. घरी पोचायला रात्रीचे दोन वाजले.

"तिथी टळली असे वाटून मी हिरमुसलो होतो," ते म्हणाले. आम्ही म्हटले, टळली कशी? पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत असतो. आणि हा पाडवा तर साडेतीन मुहूर्तांतील अर्धा. त्याला निराळी वेळ पाहावी लागत नाही.

ते हसले. तबक त्यांनी स्वतःच तयार करून ठेवले होते. कुंकू, अक्षता, सुपारी, तेल घातलेले निरांजन. तिने फक्त वात पेटवायची. तिने ओवाळले, त्यांनी जोड्यांची पेटी पुढे केली, आणि कोणी कोणाला उशीर का झाला हे विचारले नाही. मग ती निजली. ते पडदा ओढून, दार हलकेच लावून बाहेर आले आणि मुलगा उठू नये म्हणून पहाटेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहिले.

तेवढा वेळ त्यांनी काय दिले, याची किंमत आम्हाला सांगता येणार नाही. पण उपयोगी भेट कोणती, असे आता कोणी विचारले, तर आम्ही त्या बंद दाराकडे बोट दाखवू.