स्वस्ताई कोणाच्या पदरची?

ठाणें, डोंबिवली, कल्याण या बाजूचीं बहुतेक पांढरपेशीं कुटुंबें मासिक वेतनावर राहतात. तेलाचा डबा महागला कीं त्यांच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो ‘अन्याय’. तो कितपत सार्थ आहे, हें पाहण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

देशांत लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक परदेशांतून येतें. त्याची येथील किंमत परदेशचा भाव आणि रुपयाचा दर या दोहोंवर ठरते; आणि हीं दोन कारणें परस्परांपासून अलग नाहींत. तांबें विकणाऱ्या चिलीसारख्या देशांत तांब्याचा भाव चढला कीं तेथील नाणेंही बहुधा वधारतें. आपण खनिज तेल विकत घेणारे. तें महागलें कीं डॉलरची मागणी वाढते, रुपया उतरतो, आणि एकाच कारणानें दोनदां झळ लागते. २०२२ सालीं युक्रेनचें युद्ध पेटलें, अमेरिकेंतील व्याजाचे दरही चढले, आणि डॉलर ८० रुपयांवर गेला.

मग रुपया चढा ठेवणें हाच न्याय काय? १९२७ च्या कायद्यानें रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांचा आग्रह १ शिलिंग ४ पेन्सांचा होता. लंडनला एक पौंडास विकणाऱ्या कापसाचे १६ पेन्सांच्या दरानें १५ रुपये होत. १८ पेन्सांच्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतसारा मात्र रुपयांतच ठरलेला! परदेशी माल घेणाऱ्याचा लाभ तो खानदेश-वऱ्हाडच्या कास्तकाराचा तोटा. कसारा घाट उतरून ज्या लोहमार्गानें तो कापूस मुंबईस जाई, त्याच मार्गानें आज आपण कचेरीस जातों.

प्रश्न जुना झालेला नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढलें, तें सोयाबीन पिकविणाऱ्यास आधार म्हणून. आपण त्यास महागाई म्हटलें. मे २०२५ मध्यें कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आलें. आपण त्यास दिलासा म्हटलें. शेतकऱ्यानें नेमकें उलट म्हटलें असल्यास त्याचें काय चुकलें?

यावर कोणी विचारील, आपल्याच घरीं धुणीभांडीं करणाऱ्या बाईनें महाग तेल कां घ्यावें? आक्षेप खरा आहे. तिला महागाईभत्ता नाहीं, विकावयास सोयाबीनही नाहीं. परंतु तिची अडचण पुढें करून आपण सर्वांनींच स्वस्त तेल मागावें, हें आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. तिला साहाय्य सरकारी तिजोरींतून, म्हणजे आपल्या करांतून, मिळावें आणि तिच्या वेतनांतही वाढ व्हावी. शेतकऱ्याच्या भावांतून नव्हे. भाव चढला एवढ्यानें अन्याय होत नाहीं. ज्याला तो सोसवत नाहीं त्याच्यावरच भार ढकलला, तर होतो.