बाराची सावली

१९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून १९८७ पासून आपण त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. पाळतो म्हणजे बहुतेक ठिकाणी भाषणं होतात. साताऱ्याजवळच्या एका शाळेत मात्र विज्ञानाच्या बाईंनी सहावीचा वर्ग उन्हात काढला.

शहाबादी फरशीवर एक मीटरची काठी ओळंबा लावून उभी केली. साडेअकरा ते सव्वा, दर पाव तासाला सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची, लांबी मोजायची आणि वहीत लिहायची.

वह्या आल्या. जवळजवळ सगळ्यांची सावली ठीक बाराला सर्वांत आखूड! तक्ते आखीव, अक्षर सुरेख. एकाच मुलीच्या वहीत भरपूर खाडाखोड होती. बाराला ५४ सेंटिमीटर, साडेबाराला ४९, पाऊणला ४८ आणि एकला पुन्हा ४९.

"बाई, हिचं चुकलंय," पहिल्या नंबरचा मुलगा म्हणाला. "बाराला सूर्य डोक्यावर येतो, कुणालाही विचारा."

"कुणाला कशाला? खुणा अजून आहेत फरशीवर. तूच मोज."

वर्ग पुन्हा बाहेर गेला. मुलाने पट्टी लावली. बाराच्या खुणेशी ५४, पाऊणच्या खुणेशी ४८. तो कानकोंडा झाला.

"मघाशी पण एवढंच आलं होतं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून जुळवलं."

त्याच्यामागे आणखी पाच-सहा माना खाली गेल्या. बाई रागावल्या नाहीत. खरं तर या मुलांना आकडे जुळवायला शिकवतं कोण? बरोबर उत्तराला गुण देणारे आपणच.

"मग घड्याळ चुकलं का, बाई?" खाडाखोडवालीने विचारलं.

"आपलं घड्याळ कुठल्या गावच्या सूर्यावर लावलंय, ते बघ."

भिंतीवरच्या नकाशात मिर्झापूरजवळून जाणारं ८२ अंश ३० मिनिटांचं रेखावृत्त सापडलं. सातारा ७४ अंशांवर. फरक साडेआठ अंशांचा, आणि एका अंशाला चार मिनिटं.

"चौतीस!" मुलगी म्हणाली. मग तिचाच चेहरा पडला. "पण सावली तर पाऊणला आखूड झाली. वरची दहा-अकरा मिनिटं कुठली?"

पृथ्वी सूर्याभोवती एकाच वेगाने फिरत नाही, शिवाय तिचा आसही कललेला. त्यामुळे सावलीची दुपार वर्षभर मागेपुढे सरकते. बाईंना हे ठाऊक होतं, पण सांगायची घाई नव्हती.

"दर महिन्याला मोजत राहा," एवढंच त्या म्हणाल्या.

पावसाळ्यात ढगांनी बरेच तक्ते रिकामे ठेवले. मुलं सातवीत गेली. नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीनंतर काठी उभी केली, तर सावली सव्वाबाराच्या सुमारासच सर्वांत आखूड भरली. म्हणजे हिशोबातल्या चौतीस मिनिटांच्याही आधी! पहिल्या नंबरच्या मुलाने आकडा होता तसाच लिहिला, शेजारी मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि उद्या पाव तासाऐवजी दर पाच मिनिटांनी मोजायची परवानगी मागायला तो बाईंकडे गेला.